मधुमेह आणि डोळ्याची कांच

डोळ्यांत बारीकसें कुसळ गेलें कीं माणूस हातांतलें काम टाकतो. डोळा लाल होतो, पाण्याच्या धारा लागतात, पापणी आपोआप मिटते, आणि कुसळ निघेपर्यंत जिवाला चैन पडत नाहीं. एवढ्याशा कणासाठीं एवढा कल्लोळ कशाला, असें त्या वेळीं वाटतें. परंतु हा कल्लोळ म्हणजे डोळ्याचें फार मोठें संरक्षण होय. पाणी कण धुऊन काढतें, मिटलेली पापणी जखमेवर पांघरूण घालते, आणि दुःख माणसाला वैद्याकडे धाडतें. आतां अशी कल्पना करावी कीं, कुसळ गेलें आहे, जखमही झाली आहे, पण दुखत मात्र कांहींच नाहीं. पाणी येत नाहीं, पापणी मिटत नाहीं, आणि मनुष्य नित्याप्रमाणें कामावर जातो. दीर्घकाळ मधुमेह जडलेल्या कित्येकांच्या डोळ्यांची स्थिति हळूहळू अशीच होत जाते. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसतें पण आपल्या डोळ्यांतलें मुसळ दिसत नाहीं, ही म्हण मनुष्यस्वभावाविषयीं आहे. या रोग्यांच्या बाबतींत ती जवळजवळ शब्दशः खरी ठरते.

मधुमेहानें डोळे बिघडतात हें आतां सुशिक्षित घरांत सर्वांस ठाऊक झालें आहे. पण हें बोलणें बहुधा डोळ्याच्या मागच्या पडद्याविषयीं किंवा मोतीबिंदूविषयीं असतें. डोळ्याच्या दर्शनी भागीं जी स्वच्छ कांच आहे तिच्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या कांचेची जखम मधुमेहांत लवकर कां भरत नाहीं, आणि ती भरून यावी म्हणून शास्त्रज्ञ कोणते उपाय शोधीत आहेत, हा विषय म्हणूनच समजून घेण्याजोगा आहे.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या कांचेसारखें जें पारदर्शक झांकण असतें त्यास पारपटल म्हणतात. डॉक्टर लोक त्यालाच कॉर्निया म्हणतात. त्याची रुंदी अकरा-बारा मिलिमीटर, आणि मध्यभागीं जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक. तरीही डोळ्यांत शिरणारे प्रकाशकिरण वांकवून एकत्र आणण्याचें सुमारें दोनतृतीयांश काम हें इवलेंसें पटलच करतें. तें पारदर्शक राहावें म्हणून निसर्गानें त्यांत एकही रक्तवाहिनी ठेवलेली नाहीं. त्याला लागणारा प्राणवायु बाहेरच्या हवेंतून, अश्रूंत विरघळून येतो. अन्न मुख्यतः डोळ्याच्या आंतील पाण्यांतून मिळतें.

या पटलाचा सर्वांत वरचा थर पांच ते सात पेशी उंचीचा असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरचा सुमारें विसावा हिस्सा. पापणीच्या प्रत्येक उघडझांकीबरोबर वरच्या जुन्या पेशी झिजून जातात, आणि खालून नव्या पेशी वर येतात. आठ-दहा दिवसांत सगळा थर नवा होतो. डोळ्याचा काळा भाग जेथें पांढऱ्याला मिळतो, त्या गोल कांठावर या पेशींचें बियाणें असतें. तेथील मूलपेशींपासून नवी संतति निर्माण होऊन मध्याकडे सरकत राहते. अमेरिकेंतील थॉफ्ट आणि फ्रेंड या संशोधकांनीं १९८३ सालीं हा सारा व्यवहार शाळेंतल्या बीजगणितासारख्या एका समीकरणांत मांडला. खालून वर येणाऱ्या पेशी ‘क्ष’ आणि कांठाकडून मध्याकडे येणाऱ्या पेशी ‘य’ यांची बेरीज झिजणाऱ्या पेशींच्या ‘झ’ या संख्येबरोबर असली पाहिजे. जमा आणि खर्च जुळले तर कांच नितळ राहते. खर्च वाढला किंवा जमा घटली, तर जखम उघडी पडते.

निरोगी डोळ्यांत ओरखडा उठला कीं पुढें काय होतें तें पाहावें. पहिले कांहीं तास कांठच्या पेशी जणूं तयारी करतात. त्या चपट्या होतात, खालच्या आधाराची आपली पकड सैल करतात, आणि मग चादर ओढावी तशा एकमेकींस धरून जखमेवर सरकूं लागतात. जखम झांकली गेली कीं त्यांची संख्या वाढून थर पूर्ववत् उंच होतो. शेवटीं खालच्या आधारपटलास त्या सूक्ष्म टाक्यांनीं पुन्हां घट्ट शिवल्या जातात. लहानसा ओरखडा एक ते तीन दिवसांत झांकला जातो. पण शिवण पक्की व्हावयास कित्येक आठवडे लागतात.

हें काम पेशी आपण होऊन करीत नाहींत; त्यांना निरोप यावा लागतो. हे निरोप म्हणजे अश्रूंत, पेशींत आणि मज्जातंतूंच्या टोकांशीं तयार होणारीं विशिष्ट द्रव्यें होत. प्रत्येक पेशीच्या अंगावर त्या त्या द्रव्याला ओळखणारे ग्राहक असतात. द्रव्य ग्राहकास जाऊन लागलें कीं पेशीच्या आंत एकामागून एक सूचना जाऊं लागतात : सरका, वाढा, चिकटून राहा.

निरोप देणाऱ्यांत मज्जातंतूंचा वांटा फार मोठा. पारपटलांत मज्जातंतूंची दाटी त्वचेच्या मानानें तीनशें ते सहाशें पट असते. मस्तकांतून निघणाऱ्या पांचव्या मज्जेच्या एका शाखेपासून हे तंतु येतात. त्यांचें काम केवळ दुःख कळविण्याचें नाहीं. ते वरच्या पेशींना पोसणारीं द्रव्येंही पुरवितात, आणि उलट त्या पेशी मज्जातंतूंना जगविणारें द्रव्य तयार करतात. हा दोहों बाजूंचा ऋणानुबंध आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ माझांदी यांनीं १८२४ सालींच प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, ही पांचवी मज्जा तोडली असतां पारपटल बिघडूं लागतें. पहारेकरी आणि अन्नदाता एकच असला म्हणजे त्याच्या जाण्यानें घर दोहों परींनीं उघडें पडतें.

मधुमेह्याची जखम लवकर भरत नाहीं, हें ज्ञान कांहीं नवें नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, ज्यांचे व्रण मोठ्या कष्टानें बरे होतात अशा रोग्यांत मधुमेह्यांची गणना केलेली आहे. परंतु डोळ्याच्या कांचेलाही हाच नियम लागू आहे, हें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पष्ट झालें. मधुमेहामुळें डोळ्याच्या आंत रक्तस्राव झाला असतां आंतील गढूळ द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रॉबर्ट मॅकेमर यांनीं १९७० च्या सुमारास अमेरिकेंत सुरू केली. ती चालतांना पारपटलाचा वरचा थर धुरकट झाला, तर आंतलें दिसावें म्हणून शस्त्रवैद्य तो खरवडून काढीत. इतरांच्या डोळ्यांत तो थर थोड्याच दिवसांत पुन्हां येई. मधुमेह्यांच्या डोळ्यांत मात्र दोन विलक्षण गोष्टी आढळल्या. एक अशी कीं, तो थर, ओल धरलेल्या भिंतीवरून गिलाव्याचा पोपडा सुटावा तसा, आधारपटलासकट एकदम सुटून येई. दुसरी अशी कीं, पुढें ती जागा आठवड्यांमागून आठवडे उघडी राही.

त्याच सुमारास, १९७४ सालीं, मधुमेह्यांच्या पारपटलाची संवेदना मंद झालेली असते असें श्वार्ट्झ या नेत्रवैद्यानें प्रसिद्ध केलें. ही संवेदना मोजण्याचें एक साधन अगदीं साधें आहे. नायलॉनचा एक बारीक धागा साठ मिलिमीटर लांब बाहेर काढून त्याचें टोक डोळ्यास हलकेंच टेकवावयाचें. लांब धागा मऊ लागतो, आंखूड धागा टणक. निरोगी माणसाला लांब धाग्याचाही स्पर्श कळतो. मज्जातंतु क्षीण झालेल्या माणसासाठीं धागा आंखूड करीत जावें लागतें. पुढें १९८१ सालीं शुल्ट्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं मधुमेही रोग्यांचे डोळे तपासले, तेव्हां त्यांपैकीं निदान निम्म्यांच्या आसपास लोकांत या वरच्या थराची कांहीं ना कांहीं विकृति आढळली. हा अपवादानें होणारा विकार नव्हे, हें तेव्हांपासून मान्य झालें.

साखर वाढल्यानें असें कां व्हावें? कारण एक नाहीं, चार आहेत, आणि तीं एकमेकांस धरून आहेत.

पहिलें कारण आधारपटलाचें. बासुंदीसाठीं दूध आटवितांना त्यावर जी तांबूस छटा चढते, ती दुधांतील साखर आणि प्रथिनें यांच्या संयोगामुळें होय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनीं १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. चुलीवर जें घटकाभरांत होतें, तेंच शरीराच्या उष्णतेंत फार मंदगतीनें, वर्षानुवर्षें चालतें. रक्तांतील साखर जास्त असली म्हणजे ती प्रथिनांस चिकटते. तीन महिन्यांच्या साखरेची म्हणून जी रक्तपरीक्षा आतां घरोघर ठाऊक आहे, ती रक्तांतील तांबड्या द्रव्यास चिकटलेली साखरच मोजते. पारपटलाच्या आधारपटलांतही हाच प्रकार होऊन तें जाड आणि निकृष्ट बनतें. शिवाय त्यांतील उपयुक्त प्रथिनें कुरतडणारे कांहीं विकर मधुमेह्यांच्या पारपटलांत प्रमाणाबाहेर वाढलेले असतात. जमीनच भुसभुशीत झाल्यावर वरचा थर पकड घेणार कोठें?

दुसरें कारण पेशींच्या आंतलें. जास्तीच्या साखरेचा एक भाग पेशी सॉर्बिटॉल नांवाच्या द्रव्यांत बदलतात. या क्रियेंत पेशींची स्वसंरक्षणाची शक्ति खर्च होते आणि त्या लवकर जर्जर होतात. ही क्रिया रोखणारे औषधाचे थेंब १९८८ च्या सुमारास जपानांत रोग्यांवर वापरून पाहण्यांत आले. परंतु सर्वसाधारण उपचार म्हणून ते रूढ झाले नाहींत.

तिसरें कारण निरोपाचें. अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील यू आणि लॉस अँजेलिस येथील ल्यूबिमोव्ह यांनीं इतर सहकाऱ्यांसह २००९ सालीं असें दाखविलें कीं, साखर वाढली असतां पृष्ठपेशींना वाढीची आज्ञा देणाऱ्या द्रव्याचा ग्राहक आणि त्यापुढील सूचनांची सांखळी मंद पडते. निरोप्या दारांत उभा असतो, पण घरांतल्यांस ऐकूं कमी येतें. चौथें कारण वर आलेंच आहे : मज्जातंतूंची गळती. तंतु विरळ झाले म्हणजे दुःख कळत नाहीं, पापणी वेळेवर मिटत नाहीं, अश्रु कमी येतात, आणि पोषक द्रव्यांचा पुरवठाही आटतो.

या चार कारणांकडे एकत्र पाहिलें म्हणजे उपचारांतील अडचण उघड होते. एका द्रव्याची उणीव असती, तर तें द्रव्य बाहेरून घालून भागलें असतें. येथें जमीन, पेशी, ग्राहक आणि मज्जातंतु या चौघांचा परस्परांतील संवादच तुटलेला असतो. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याच्याशीं नुसतें मोठ्यानें बोलून काय उपयोग? म्हणून अलीकडील संशोधन हा संवाद कोठें जोडतां येईल तें शोधण्याकडे वळलें आहे.

प्रचलित उपचार अर्थातच प्रथम येतात. परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रु, जखमेवर पट्टीप्रमाणें बसविलेलें मऊ भिंग, जंतूंपासून संरक्षण, आणि रोग्याच्याच रक्तांतील निवळ काढून पातळ करून केलेले थेंब, असे हे उपाय होत. रक्ताच्या निवळींत अश्रूंप्रमाणेंच पोषक द्रव्यें असल्यामुळें ती उपयोगी पडते. पुष्कळ जखमा एवढ्यानेंच भरतात. ज्या भरत नाहींत, त्यांच्यासाठीं रेणूंची नवी चिकित्सा आहे.

या चिकित्सेंतील सर्वांत पुढें गेलेल्या औषधाची कथा मोठी मनोरंजक आहे. रिता लेव्ही-मोंताल्चिनी ही इटलींतील यहुदी तरुणी. १९३८ च्या वंशभेदाच्या कायद्यांमुळें विद्यापीठाचे दरवाजे तिला बंद झाले, तेव्हां तिनें तुरिन येथें आपल्या निजायच्या खोलींतच लहानशी प्रयोगशाळा थाटली, आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर मज्जातंतूंचा अभ्यास चालू ठेवला. युद्धानंतर ती अमेरिकेंतील सेंट लुइस येथें गेली. तेथें स्टॅन्ली कोहेन यांच्या साहाय्यानें मज्जातंतूंना वाढविणारें एक द्रव्य तिनें १९५० नंतरच्या दशकांत उजेडांत आणलें. उंदराच्या लालापिंडांत हें द्रव्य विपुल असतें. त्या पिंडांचा अर्क नवजात पिल्लांना टोंचतांना कोहेन यांच्या लक्षांत आलें कीं, पिल्लांचे डोळे नेहमींपेक्षां कित्येक दिवस आधींच उघडतात. त्या अर्कांत दुसरेंच एक द्रव्य होतें. पृष्ठपेशींना वाढीची आज्ञा देणारें, ज्याचा उल्लेख वर आला, तेंच हें द्रव्य. १९६२ सालीं कोहेन यांनीं तें वेगळें केल्याचें प्रसिद्ध झालें. या दोघांना १९८६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पारपटलाला जीं दोन द्रव्यें अत्यंत आवश्यक आहेत, तीं अशा रीतीनें एकाच कामाच्या ओघांत सांपडलीं.

पहिल्या द्रव्याचेंच मानवी स्वरूप जंतूंकडून तयार करवून घेऊन त्याचे थेंब बनविण्यांत आले. सेनेगर्मिन हें त्या औषधाचें नांव. युरोपांत २०१७ सालीं आणि अमेरिकेंत २०१८ सालीं, मज्जातंतु निकामी झाल्यामुळें होणाऱ्या पारपटलाच्या विकारावर त्यास मान्यता मिळाली. दर दोन तासांनीं एक याप्रमाणें दिवसांतून सहा वेळां, आठ आठवडे हे थेंब घालावयाचे असतात. एकंदर १५१ रोग्यांवर झालेल्या दोन परीक्षांत, औषध मिळालेल्यांपैकीं सुमारें ७० टक्के लोकांची जखम आठ आठवड्यांत पूर्ण भरली. औषधाविना नुसते थेंब मिळालेल्यांत हें प्रमाण सुमारें २८ टक्के होतें. मज्जातंतूंच्या या विकाराचीं कारणें अनेक आहेत, आणि मधुमेह हें त्यांपैकीं एक. औषधाचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

याच्या अगदीं उलट, स्वस्त आणि ओळखीचें द्रव्य म्हणजे इन्शुलिन. तें अश्रूंत असतें, आणि पारपटलाच्या पेशींवर त्याचे ग्राहकही असतात. येथें तें साखर कमी करीत नाहीं. पेशींना सरकण्याचा आणि वाढण्याचा निरोप देतें. डोळ्याच्या व्रणावर इन्शुलिन वापरल्याचा वृत्तांत १९४५ सालींच ब्रिटिश नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत आला होता. पण पुढें त्याकडे दुर्लक्ष झालें. मलेशियांतील डॉक्टरांनीं मधुमेही रोग्यांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांवर त्याची पद्धतशीर परीक्षा केली आणि २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, तीन मात्रांपैकीं सर्वांत लहान मात्राच, अर्धा युनिट दिवसांतून चार वेळां, सर्वांत गुणकारी ठरली. निरोप हळू आवाजांत दिलेलाच बरा, असें यावरून दिसतें.

जपानांत यामागुची विद्यापीठांतील निशिदा यांनीं दुसरी वाट धरली. मज्जातंतूंतून पाझरणारें एक द्रव्य आणि इन्शुलिनच्या कुळांतील एक वर्धक द्रव्य हीं दोन्ही एकत्र दिलीं तरच पेशी जोमानें सरकतात, एकेकटीं विशेष कांहीं करीत नाहींत, असें त्यांना आढळलें. मग या दोन मोठ्या रेणूंतील कार्यकारी असे चार-चार दुवे तेवढे वेगळे काढून त्यांनीं थेंब तयार केले, आणि न भरणाऱ्या जखमांच्या रोग्यांवर ते वापरले. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया येथील झॅगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेशींना ‘थांबा’ म्हणणाऱ्या शरीरांतीलच एका द्रव्याकडे लक्ष दिलें. व्यसनमुक्तीसाठीं वापरांत असलेलें नाल्ट्रेक्सोन हें औषध त्या द्रव्याचा ग्राहक अडवितें. त्याच्या थेंबांनीं मधुमेही उंदरांच्या पारपटलाची जखम लवकर भरून आली. एकानें लगाम सैल केला, दुसऱ्यानें टांच मारली, असा हा फरक.

सर्वांत धाडसी प्रयत्न लॉस अँजेलिस येथें ल्यूबिमोव्ह यांच्या प्रयोगशाळेंत झाला. मृत्यूनंतर दान केलेलीं मधुमेह्यांचीं पारपटलें तेथें पोषक द्रवांत जिवंत ठेवून, त्यांतील मंद झालेला एक ग्राहक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारां पुन्हां वाढविण्यांत आला, आणि प्रथिनें कुरतडणारे विकर दडपण्यांत आले. तेव्हां जखम भरण्याचा वेग निरोगी डोळ्याच्या जवळ आला. विषाणूऐवजीं अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्यानें हेंच साधण्याचे प्रयत्न पुढें चालू झाले. हे उपाय अद्याप रोग्याच्या हातीं देण्याजोगे झालेले नाहींत. पण एका द्रव्याची भर घालण्याऐवजीं पेशीची ऐकण्याची शक्तिच सुधारावी, हा त्यांतला विचार मूलगामी आहे.

आपल्या देशाला या विषयाचें महत्त्व किती, हें सांगावयास नकोच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत सुमारें १०.१ कोटि लोकांना मधुमेह आहे. प्रौढांत त्याचें प्रमाण ११.४ टक्के, आणि सर्वांत अधिक प्रमाण गोव्यांत, २६.४ टक्के. ज्या घरांत मधुमेही माणूस नाहीं असें घर शोधावें लागेल, अशी वेळ आली आहे.

अशा घरांत कांहीं नियम पाळावे. डोळा लाल झाला किंवा दृष्टि धूसर झाली, आणि दुखत मात्र नसलें, तर ‘दुखत नाहीं म्हणजे कांहीं नाहीं’ असें समजूं नये. मधुमेह्याच्या बाबतींत न दुखणें हेंच अधिक काळजीचें लक्षण होय. उपेक्षा केल्यास व्रणांत जंतु शिरून डोळ्यांत फूल पडतें, आणि गेलेली नितळता परत येणें कठीण. डोळ्यास भिंगें लावणाऱ्यांनीं तीं लावून झोंपूं नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं मधुमेह किती वर्षांचा आहे, हें शस्त्रवैद्यास न विसरतां सांगावें. बधिरतेचे किंवा स्टेरॉइडचे थेंब सल्ल्यावांचून कदापि घालूं नयेत. आणि इन्शुलिनविषयीं वर जें सांगितलें तें वाचून घरच्या कुपींतील इन्शुलिन कोणीं डोळ्यांत घालूं नये. त्याची मात्रा आणि निर्जंतुकता सांभाळणें हें नेत्रवैद्याचें काम आहे.

नव्या औषधांची वाट पाहत असतां, हातीं असलेला उपाय लहान लेखण्याचें कारण नाहीं. पारपटलांतील मज्जातंतु जिवंतपणीं सूक्ष्मदर्शकानें पाहण्याची पद्धत मँचेस्टर येथील मलिक यांनीं २००३ सालीं मधुमेह्यांच्या परीक्षेसाठीं उपयोगांत आणली. याच पद्धतीनें, स्वादुपिंडाचें रोपण होऊन ज्यांची साखर ताळ्यावर आली होती अशा रोग्यांचे डोळे पुढें तपासण्यांत आले. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतावरून दिसलें कीं, रोपणानंतर अवघ्या सहा महिन्यांत त्यांच्या पारपटलांत नवे मज्जातंतु फुटूं लागले होते. सर्वांनाच असें रोपण करून घेतां येणार नाहीं, आणि त्याची आवश्यकताही नाहीं. पण रक्तांतील साखर ताब्यांत आली, तर गेलेला पहारेकरी कांहीं अंशीं तरी परत येऊं शकतो, एवढें त्यावरून निश्चित झालें. पथ्य, व्यायाम आणि नियमित औषध यांचें फळ कोठें दिसतें, असें विचारणाऱ्या रोग्यास याहून स्पष्ट उत्तर देतां येणार नाहीं.